किल्ल्यातली गुहा

बाग पाहायला गेल्यावर आधी सावलीतला बाक शोधायचा, हा माझा जुना रिवाज. मंडळींनी बाग पाहावी, आपण मंडळींकडे पाहावे. पण 2023 च्या डिसेंबरात हा रिवाज मोडला, आणि तो मोडला एका सिमेंटच्या गुहेने.

झाले असे. इंदापूरच्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो; मी, सौ. आणि आमची नऊ वर्षांची कन्या. बारामतीला परतताना वाटेवरच्या एका गावी नवी बाग झाली आहे असे कळले. गावाचे नाव सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून गावकरी मला पुन्हा त्या रस्त्याने जाऊ देणार नाहीत. बागेत हिरवळ होती, घसरगुंडी होती, झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे होते, आणि मधोमध एक भला मोठा वाघ जबडा पसरून बसला होता. दोन सुळे म्हणजे दाराचे खांब, जीभ म्हणजे पायरी. आत शिरले की गुहा. छतातून सिमेंटचे सुळके लोंबताहेत, कोपऱ्यात निळा दिवा मिणमिणतो आहे, मोटारीने वर चढवलेले पाणी भिंतीवरून ओघळते आहे, आणि ओघळून पुढे कुठे जायचे हे ठरलेले नसल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला भिजवते आहे.

“काय हा बेढबपणा!” मी म्हणालो. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. अभिरुची हा आमचा धंदाच.

“आत तर जाऊन या,” सौ. म्हणाल्या. “पुस्तक न वाचता मत देणाऱ्या मुलांवर तुम्हीच चिडता ना?”

गेलो. एक सुळका कपाळाला लागला. बाहेर आलो तेव्हा कन्या तिसऱ्यांदा आत निघाली होती.

गुहेच्या मागच्या अंगाला एक मिस्त्री उखडलेल्या गिलाव्याची डागडुजी करीत होता. टेंगूळ चोळीत मी त्याच्याशी बोलू लागलो. गुहा त्यानेच केलेली. आधी सळईचा सांगाडा बांधायचा, त्यावर कोंबडीजाळी आवळायची, मग दोन्ही अंगांनी वाळू-सिमेंटचा माल थापायचा. माल ओला आहे तोवर तारेच्या ब्रशाने ओरखडे काढायचे, म्हणजे लांबून दगड वाटतो. तो हे इतक्या गोडीने सांगत होता की माझी टीका मी गिळली. तरी राहवेना म्हणून विचारले, “त्यापेक्षा एखादे कारंजे बरे दिसले नसते का?”

“कारंजं माणूस लांबनं बघतो आन् फुडं जातो, सर,” तो म्हणाला. “गुहेत शिरल्याबिगर ऱ्हात न्हाई. तुमी न्हाई का शिरला?”

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसले. घरी आल्यावर मी पुस्तके चाळू लागलो. प्राध्यापकाला दुसरे काय येते?

पहिलाच फटका व्युत्पत्तीने दिला. बागेतल्या अशा शोभेच्या गुहेला युरोपात ‘ग्रोटो’ म्हणतात. मूळ इटालियन शब्द ‘ग्रोत्ता’. त्याच्याही मागे जावे तर ‘दडलेले’ या अर्थाचा ग्रीक शब्द. रोममध्ये 1480 च्या सुमारास लोकांना जमिनीखाली काही पोकळ्या सापडल्या. त्या गुहाच समजून हौशी चित्रकार दोर बांधून आत उतरले. त्या गुहा नव्हत्या, नीरो बादशहाच्या गाडल्या गेलेल्या राजवाड्याची दालने होती, आणि भिंतींवर अर्धी माणसे अर्धे वेल अशी विचित्र चित्रे होती. गुहेत सापडलेली म्हणून ती ‘ग्रोतेस्का’. आणि त्यावरून पुढे बेढब, विक्षिप्त या अर्थाचा ‘ग्रोटेस्क’ शब्द आला. म्हणजे मी बागेत जी शिवी हासडली ती गुहेच्याच पोटची होती.

या वंशातली सगळ्यात नामांकित गुहा फ्लॉरेन्स शहरात आहे. बोबोली ही तिथल्या मेदिची घराण्याची बाग. 1766 साली ती सर्व लोकांना खुली झाली. बागेच्या एका कोपऱ्यात बेर्नार्दो बुओंतालेंती या वास्तुकाराने 1583 ते 1593 या दहा वर्षांत ही गुहा पुरी केली. एकामागे एक तीन खोल्या. पहिलीच्या भिंतींवर चुनखडीचे ओबडधोबड, स्पंजासारखे भोकाभोकांचे थर चढवले आहेत आणि त्या थरांतून मेंढपाळ, मेंढ्या, झाडे अर्धवट बाहेर आली आहेत. जणू दगड आताच वितळून त्याची माणसे होऊ लागली आहेत. चार कोपऱ्यांत मायकेलअँजेलोने अपुरे सोडलेले चार बंदिवान उभे केले होते, छताचा भार खांद्यावर घेतल्यासारखे. (आता तिथे प्रती आहेत, मूळ पुतळे त्याच शहरातल्या संग्रहालयात नेले.) छताला मधोमध झरोका, त्यात काचेचे पात्र, पात्रात पाणी आणि पाण्यात मासे अशी मूळची योजना होती, खाली उतरणारा उजेड माशांतून हलत यायचा! शेवटच्या खोलीत स्नान करणाऱ्या व्हीनसचा पुतळा, आणि तिच्या पायाखालच्या कुंडाच्या काठावरून वर डोकावणारे चार आगाऊ वनचर. भिंतींवरून पाणी झरत असे. इटलीतल्या त्या काळच्या बागांत आणखी एक खोड होती: यजमानाने गुपचूप तोटी फिरवायची आणि पाहुण्यांच्या अंगावर कुठून तरी पिचकारी उडायची. आमच्या इंदापूरकडच्या गुहेत चपला भिजल्या म्हणून मी नाक मुरडले. तिकडे सरदार-दरकदार भिजून हसत बाहेर पडत.

इंग्लंडात तर एका कवीलाच याचे वेड लागले. अलेक्झांडर पोप हा आमच्या मोरोपंतांच्या आधीच्या पिढीचा. 1729 साली मोरोपंत जन्मले तेव्हा तो चाळिशीत होता. लंडनजवळ ट्विकनहॅमला थेम्सच्या काठी त्याचे घर, आणि बाग मात्र रस्त्यापलीकडे. त्याने रस्त्याखालून भुयार खणले आणि त्या भुयाराची गुहा केली. खणताना झरा लागला, तेव्हा त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. शिंपले आणि आरशांचे तुकडे त्याने भिंतींत बसवले. दारे लावून घेतली की नदी, टेकड्या, होड्या यांचे हलते चित्र भिंतीवर उमटे. पुढे त्याला खनिजांचा नाद लागला आणि मित्रमंडळींकडून नाना तऱ्हेचे दगड मागवून त्याने गुहा पुन्हा सजवली. 1744 साली तो वारला. घर 1808 मध्ये पाडले गेले. गुहा अजून आहे. वर्गात मोरोपंत शिकवताना मुले विचारतात, ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असे ‘निरोष्ठ रामायण’ रचण्यात या माणसाने आयुष्य का घालवले? आता मी त्यांना पोपच्या गुहेची गोष्ट सांगतो. उत्तर मिळते असे नाही, पण तास बरा जातो.

पॅरिसला 1867 साली खुली झालेली ब्यूत-शोमाँ ही बाग म्हणजे जिप्समची जुनी, पोखरलेली खाण. तिच्यातली वीस मीटर उंचीची गुहा, छतातून लोंबणारे सुळके, वरून कोसळणारा धबधबा, सगळे मनुष्याच्या हातचे. सुळके सिमेंटचे, पाणी यंत्राने वर चढवलेले. आमच्या मिस्त्रीचे कूळ मला इथे सापडले.

हे सगळे मी रात्री जेवताना मोठ्या ऐटीने घरात सांगत होतो. कन्येने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे किल्ल्यासारखंच की!”

घास हातातच राहिला. खरेच की! दिवाळीत पोरे अंगणात जो किल्ला करतात त्याला गुहा लागतेच. राजगडावर वाघाची गुहा कुठे आहे असे कुणी विचारत नाही. महाराज सिंहासनावर, मावळे पायऱ्यांवर, पायथ्याशी आरशाचे तळे, आणि डाव्या नाहीतर उजव्या हाताला गुहा नि गुहेच्या तोंडाशी वाघ. एखादा फुटका माठ आडवा ठेवून वर माती लिंपली की झाली. फ्लॉरेन्सच्या ड्यूकला जे करायला दहा वर्षे लागली ते आमची पोरे सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर आणि वसुबारस यांच्यामधल्या दिवसांत उरकतात. कारंजेसुद्धा! आमच्या लहानपणी दवाखान्यातून सलाईनची रिकामी नळी मिळवायची, बादली माडीच्या कठड्यावर ठेवायची, आणि नळीचे टोक किल्ल्यातून वर काढायचे. बादली जितकी उंच तितके कारंजे जोरात. इटलीतल्या त्या पिचकाऱ्यांच्या मागेही हेच शास्त्र होते.

मग मी कन्येला, नेहमीप्रमाणे, तोफगोळ्यांची गोष्ट सांगितली. ही आमच्या घरातली ठेवणीतली विनोदी गोष्ट. ती अशी.

1985 ते 1991 ही माझी किल्ल्यांची वर्षे. आम्ही बारामतीच्या जुन्या भागात एका वाड्यात भाड्याने राहायचो. वडील, म्हणजे आमचे दादा, शाळेत विज्ञान शिकवीत. आजोबा आमच्याकडे असत. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. आबा जुन्या पळसदेवचे शेतकरी. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले, भीमेचे पाणी तुंबून मागे आले आणि गावची काळी आणि पांढरी दोन्ही त्यात गेली. (शहरी वाचकांसाठी सांगतो: काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण.) भाऊबंद वर नव्या गावठाणात गेले. आबा धाकट्या मुलाकडे, दादांकडे आले. गावाविषयी ते फारसे बोलत नसत. बारामतीच्या नळाचे पाणी ओंजळीत घेऊन आधी हुंगत आणि मग पीत, एवढेच मला आठवते.

किल्ला मात्र ते हौसेने करीत. आमच्याकडची काळी माती वाळली की भेगाळते. तिच्यात भुसा आणि राख किती घालायची हे त्यांना बरोबर ठाऊक. भिजवलेल्या गोणपाटावर आळीव पेरायचे, म्हणजे चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो, ही त्यांचीच युक्ती. पण गुहेला ते माठ वापरू देत नसत. दगडाच्या चपट्या चिपा वेचून आणायच्या. एक थर, त्यावर दुसरा थोडा आत सरकवून, त्यावर तिसरा आणखी आत. शेवटी वरून एकच झाकणीचा दगड. चिखलाचा गोळासुद्धा लावायचा नाही. “वजनच वजनाला धरतंय,” ते म्हणत. जुन्या हेमाडपंती देवळांची छते याच पद्धतीची असतात, असे दादांनी एकदा समजावून सांगितले होते. तेवढ्यापुरते बापलेक खूष दिसले. ही गुहा नेहमी तळ्याला लागून असे, आणि तिच्यात आबा सात गुळगुळीत गोटे ठेवीत, सुपारीपेक्षा थोडे मोठे. वाघ नाही.

“आबा, गुहेत वाघ पाहिजे!”

“ऱ्हाईल की वाघ भाईर. त्याला काय पडसं होतंय?”

1991 साली मी बारा वर्षांचा होतो आणि गल्लीतल्या मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक येणार म्हटल्यावर माझी अभिरुची जागी झाली. (ती तेव्हापासूनच अशी आहे.) आबांची अंधारी गुहा मला गावंढळ वाटू लागली. मी तिच्यात वाघ बसवला, आणि ते सात गोटे काढून, दादांच्या बुटाच्या पॉलिशने काळेभोर करून, बुरुजावरच्या तोफेशेजारी रचले. काय झकास तोफगोळे दिसत होते! आबा पाडव्याला सकाळी किल्ल्यापाशी आले, उकिडवे बसले, गुहेत वाकून पाहिले.

“ह्यातलं गोटं कुठं हायत रं?”

मी बुरुज दाखवला. आबा काही वेळ बघत राहिले आणि मग हसले. “बरं हाय. गडाच्या राखणीला बसल्या म्हनायच्या.”

‘बसल्या’ म्हणाले ते. भाषेच्या प्राध्यापकाला त्या एका अक्षरापाशी अडखळायला तेहेतीस वर्षे लागली.

मला दुसरे बक्षीस मिळाले, स्टीलचा डबा. तुळशीचे लग्न झाल्यावर किल्ला मोडला तेव्हा आबा एका मयताला गावी गेले होते. माती, दगड, तोफगोळे, सगळे पाट्या भरभरून मी मागच्या उकिरड्यावर टाकले. आबा परत आल्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी गुडघे दुखतात म्हणाले, आणि पुन्हा कधी किल्ल्याला हात लावला नाही. 1998 साली ते गेले.

ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल! पॉलिशच्या ठिकाणी सगळे हसतात.

त्या रात्रीही हसले. मी पुन्हा पुस्तकाकडे वळलो, आणि वाचता वाचता माझे हसू हळूहळू मावळत गेले. कारण प्रश्न असा होता की या शोभेच्या गुहांची सुरुवात कुठून झाली? पोपने, ड्यूकने नक्कल कशाची केली? तर प्राचीन ग्रीकांत झरे, डोह, पाण्याकाठच्या कपारी ही ‘निंफ’ नावाच्या जलदेवतांची घरे मानली जात. होमरने ओडिसीत इथाका बेटावरच्या त्यांच्या एका गुहेचे वर्णन केले आहे. जिथे नैसर्गिक कपार नसेल तिथे ती बांधायची, आत पाणी खेळवायचे, देवता मांडायच्या. अशा बांधलेल्या घराला त्यांच्याच नावावरून ‘निंफेअम’ म्हणत. रोमनांनी ती बागेत आणली, शिंपल्यांनी मढवली. देवता विसरल्या गेल्या आणि शोभा उरली. पण पाणी सुटले नाही. कुठल्याही शोभेच्या गुहेत पाणी असतेच. आमच्या मिस्त्रीनेही मोटार लावून ते आणलेच होते.

पाण्याकाठी राहणाऱ्या बायका. आपल्याकडे त्यांना काय म्हणतात हे सांगायला पुस्तक नको. आसरा! अप्सरांच्या आसरा झाल्या. नदीच्या डोहावर, विहिरीच्या काठी त्यांचे ठाणे असते. मूर्ती नाही, देऊळही बहुधा नाही. दामोदर कोसंबींनी पुण्याच्या आसपासचे असले दगडदेव पायी हिंडून पाहिले आणि त्यांच्यावर लिहिले, हे मी स्वतः वर्गात सांगत आलो आहे. हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, खण. साती आसरा. सात दगड.

पुस्तक मिटले. सौ.ना काही सांगितले नाही. नुसता संशय होता.

त्या दिवसांत चंडीगडच्या रॉक गार्डनविषयीही वाचले. बागेतल्या गुहा, घळी, धबधबे यांचा आपल्या देशातला सर्वांत मोठा संसार तोच. नेकचंद हा सार्वजनिक बांधकाम खात्यातला रस्त्यांचा निरीक्षक. 1957 च्या सुमारास सरकारी रानात, कुणाला न सांगता, त्याने फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशा, शहरासाठी पाडलेल्या गावांतला राडारोडा जमवून एक राज्य उभे करायला घेतले. कित्येक वर्षे ते कुणाला कळलेच नाही. 1976 साली बाग लोकांना खुली झाली आणि नेकचंद जगप्रसिद्ध झाला. पण मला थांबवले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. हा माणूस 1947 साली फाळणीत आपले गाव पलीकडे टाकून आला होता.

2024 च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले. जिवंत साठा संपून धरण ‘उणे’ झाले, म्हणजे मृत साठ्याला हात लागला. एरवी ज्याच्या शिखराचाच काय तो शेंडा दिसतो ते जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उघडे पडले आणि ते पाहायला माणसांची रीघ लागली. आम्हीही गेलो. भिगवणवरून पळसदेवला पोचलो, नव्या गावठाणातून माझ्या चुलत चुलत्यांना, तात्यांना, बरोबर घेतले. तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत. गाळ वाळून त्याच्या ढलप्या निघाल्या होत्या. पावलाखाली त्या खापरासारख्या वाजत. काळ्या दगडाचे देऊळ, वर चढत गेलेले शिखर, सभोवार ओवऱ्यांचे अवशेष. लोक फोटो काढीत होते. तात्या त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते नदीच्या अंगाला हात करून बांध दाखवीत होते, जणू तिथे अजून ज्वारी उभी आहे.

“ती आपली पट्टी. तिच्या खाली डोह. डोहाच्या वर, कपारीत, आसरा. तुझी आज्जी पेरणी झाली की वटी भरायला जायची.”

“त्या वर आणल्या का?” मी विचारले. माझा आवाज मलाच निराळा वाटला.

“पळसनाथ वर आणला. समद्यांनी वाजतगाजत आणला. आसरांना कोन आननार? लोक म्हनाले, पान्याच्या बाया, पान्यात ऱ्हातील. पर तुझा आजा ऐकंना. सात गोटं फडक्यात बांधलं आन् बारामतीला घिऊन गेला. मास्तरच्या घरात असलं चालत न्हाई, म्हनून कुठं ठेवलं त्यालाच ठावं.”

“सात गोटे?” कन्येचे डोळे चमकले. “पण बाबांनी तर...”

मी तिचा हात दाबला. ती गप्प झाली.

परतीच्या वाटेवर बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, “मला गप्प का केलंत?” सौ. आरशातून माझ्याकडे बघत होत्या. मला उत्तर सुचले नाही. विद्यार्थ्यांसमोर, व्यासपीठावर, साहित्यसंमेलनाच्या मांडवातसुद्धा मला शब्दांची वाण कधी पडली नव्हती.

दादांचा राग मला आला का? प्रामाणिकपणे सांगतो, घटकाभर आला. पण दादांनी आबांना कधी दुखवले नव्हते. दगडाला देव मानू नये असे ते शाळेतल्या पोरांना शिकवीत, आणि जे शाळेत सांगायचे त्याच्या उलट घरात वागायचे नाही असा त्यांचा बाणा होता. आबांना मुलाच्या त्या बाण्याचा अभिमानच होता. म्हणून तर त्यांनी देव्हाऱ्यात जागा मागितली नाही. नातवाच्या किल्ल्यात, वर्षातून आठ-दहा दिवस, तळ्याच्या काठी, वजनाने वजनाला धरणाऱ्या दगडांची कपार रचून घेतली. एरवी ते फडके कुठे असायचे, कोण जाणे. आई एवढेच म्हणाली, की त्या वर्षी गावाहून आल्यावर दोन दिवस आबा उकिरड्यापाशी काठीने काहीतरी उकरत बसले होते; तिला वाटले, चिल्लर पडली असेल.

आठ दिवसांनी मी तात्यांना फोन केला आणि सगळे सांगितले. पॉलिश, तोफ, उकिरडा. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग तात्यांचा खोकला आला. आणि कळले, की खोकला नव्हे, ते हसत आहेत.

“तोफंचं ठावं हाय की आमाला! आबानंच सांगितलं व्हतं पारावर. नातवानं आसरांना तोफंवर बसवलं म्हनं. लई हसायचा.”

“आणि हरवल्या ते?”

“ते न्हाई कधी बोलला,” तात्या म्हणाले. “विचारलं की म्हनायचा, बारामतीत हायत माझ्या. पान्याच्या कडंला.”

त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या वाहनतळावर, पाण्याच्या टाकीशेजारी, कन्येने किल्ला करायला घेतला. चेअरमनसाहेबांनी दोन स्कूटर हलवायची परवानगी मोठ्या मिनतवारीने दिली. माठ आणतो म्हणालो तर नको म्हणाली. एका चालू बांधकामावरून शहाबादी फरशीचे तुकडे वेचून आणले आणि माझ्यापुढे टाकले. “दाखवा,” म्हणाली. मला येत होते कुठे? लहानपणी मी नुसते पाहिले होते. तीन थरांपर्यंत नीट जाई आणि चौथ्याला सगळे आत कोसळे. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कळले की थर पुढे सरकवायचा तर त्याच्या मागच्या टोकावर वजन ठेवावे लागते; आबा प्रत्येक चिपेच्या मागे एक धोंडा ठेवीत, तो मातीत झाकला जाई, म्हणून मला कधी दिसलाच नव्हता.

गुहा उभी राहिली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. कन्येने फ्रॉकच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. सात गोटे. काळपट, गुळगुळीत, एकाला पांढरी रेघ.

“हे कुठले?”

“तात्या आजोबा बांध दाखवत होते ना, तेव्हा घेतले. चालतात ना? विचारलं नाही मी कुणाला.”

मी काही म्हणायच्या आत सौ. वरून हळदीकुंकवाचे तबक घेऊन खाली आल्या. बरोबर दादाही होते, आता ब्याऐंशीचे. काठी टेकत, धापा टाकत. त्यांनी गुहेपुढे वाकून आत पाहिले. किती वेळ पाहत होते. मग मागच्या धोंड्यावर काठीचे टोक टेकवून म्हणाले, “हा जरा डावीकडे घ्या. भार एकीकडे झालाय.”

धोंडा डावीकडे घेतला. वाघ मात्र कुठे ठेवायचा यावर कन्येचा आणि शेजारच्या मुलाचा वाद चालू होता, आणि तो ऐकत मी टाकीच्या नळाखाली हात धूत उभा होतो.